मॅप उघडलाय म्हणजे दिसतोय असं नाही : रीप्ले पाठवण्याआधी हे वाचा

“मॅप तर सगळा उघडला होता, मग एवढं सैन्य आलं कुठून?” आमच्याकडे तपासणीला येणाऱ्या स्ट्रॅटेजी गेमच्या रीप्लेसोबत (खेळलेल्या सामन्याच्या रेकॉर्डिंगसोबत) हा प्रश्न हमखास असतो.

मॅपवरचा काळा भाग कधीच न पाहिलेला, करडा पूर्वी पाहिलेला आणि उजळ भाग आत्ता दिसणारा, हे तुम्हाला माहीत आहेच. घोटाळा करड्या भागात होतो. तिथल्या इमारती तुम्ही शेवटच्या वेळी पाहिल्या तशाच गोठलेल्या असतात. स्काउट (टेहळणी करणारा) माघारी वळल्यावर उभी राहिलेली बॅरॅक (सैनिक तयार करणारी इमारत) तिथे दिसत नाही. उलट पाडलेली इमारत, कोणीतरी पुन्हा जाऊन पाहीपर्यंत, उभीच दिसते. आणि सैन्य तर करड्यात मुळीच दिसत नाही.

‘एज ऑफ एम्पायर्स २’ मध्ये डार्क एजमधल्या (पहिल्या युगातल्या) स्काउट कॅव्हलरीची, म्हणजे टेहळणीच्या घोडेस्वाराची, नजर जेमतेम चार चौकोन पोचते, विलेजरइतकीच (कामकऱ्याइतकीच). फ्यूडलला (दुसऱ्या युगात) ती सहा होते. त्यामुळे सुरुवातीच्या दोन फेऱ्यांत आठ चौकोनांहून जास्त अंतर ठेवलंत की मधे काळी पट्टी उरते आणि लांबच्या मेंढ्या (सुरुवातीचं अन्न) तिथेच राहून जातात. हे बहुतेकांना जमतं. पुढे मात्र तोच स्काउट शत्रूचा बेस एकदा पाहून कुठेतरी उभा राहतो, तो शेवटपर्यंत. त्याला शत्रूच्या लाकूडतोडीच्या आणि सोन्याच्या जागांवरून पुन्हा फिरवा. सोन्यावर किती विलेजर आहेत यावरून पुढची चाल कळते.

‘स्टारक्राफ्ट २’ मध्ये मरीनची (पायदळ सैनिकाची) नजर ९, ओव्हरलॉर्डची ११; पण उंचीचा नियम त्याहून महत्त्वाचा. रॅम्पखालच्या (चढणीखालच्या) मरीनला वरचं काही दिसत नाही, उडणाऱ्या ओव्हरलॉर्डला दिसतं. स्कॅनला (मॅपचा हवा तो भाग थोडा वेळ उजळवायला) ५० एनर्जी लागते, म्यूललाही (खनिज गोळा करणाऱ्या यंत्रालाही) तेवढीच, म्हणून स्कॅन वाया गेल्यासारखा वाटतो आणि टाळला जातो. आमच्या मते शत्रूची टेक (तो कोणतं तंत्रज्ञान उभारतोय ते) कळत नसेल तर म्यूल सोडून स्कॅनच करावा. क्लोक झालेल्या (अदृश्य) युनिटसाठी मात्र नुसती नजर पुरत नाही, डिटेक्टर (अदृश्य युनिट दाखवणारा) लागतो.

आता आमची विनंती. रीप्ले बघताना व्हिजन ‘सर्व खेळाडू’ वर ठेवू नका, फक्त स्वतःचं ठेवा. सगळं उघडं ठेवून पाहिलं की “इथे हल्ला करायला हवा होता” असे प्रश्न सुचतात आणि तेव्हा तुम्हाला ते दिसतच नव्हतं हे शोधण्यात तपासणीचा वेळ जातो. दोन वेळा टिपून पाठवा : शत्रूचा बेस शेवटचा उजळ कधी होता आणि त्याचं सैन्य बेसमधून कधी निघालं. (दुसरी वेळ टिपण्यापुरतं त्याचं व्हिजन लावा.) दोन्हींत दोन मिनिटांहून जास्त फरक असेल तर बिल्ड ऑर्डर (काय कधी बांधायचं याचा क्रम) बदलण्याआधी स्काउटिंगच सुधारायला हवं.

पहिल्या सत्रात आम्ही मॅपच का घेतो, असं काहीजण विचारतात. न पाहिलेल्या सैन्याला उत्तर देणारी बिल्ड ऑर्डर शिकवता येत नाही, म्हणून. वेळा टिपलेल्या असल्या तर त्याच सत्रात लढाईपर्यंत पोचता येतं, शिवाय स्काउटचा तुमच्या मॅपला साजेसा मार्ग आम्ही आखून देतो.

‘एज २’ च्या डेफिनिटिव्ह एडिशनचे जुने रीप्ले नवा पॅच आल्यावर बहुधा उघडत नाहीत, तेव्हा सामना झाला की लगेच पाठवा.