हलचे ट्रॉलर-स्किपर

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हल बंदरातून आइसलँड, बेअर बेट आणि बॅरेंट्स समुद्राच्या गारठलेल्या पाण्यात कॉड व हॅडॉक पकडायला जाणाऱ्या ट्रॉलर जहाजांचे कप्तान. बंदरात त्यांना ‘स्किपर’ म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाफेची जहाजे आली तेव्हापासून १९७६ पर्यंत हा पेशा भरात होता. समुद्रावर स्किपरचा शब्द अखेरचा असे. धक्क्याला लागल्यावर मात्र त्याची नोकरी मागच्या खेपेच्या मासळीच्या लिलावावर टिकायची. बहुतेक स्किपरांची आयुष्ये या ओढाताणीतच गेली.

स्किपर घडत असे तो हेसल रोड या वस्तीत. सेंट अँड्र्यूज डॉक ही मासळी-गोदी १८८३ मध्ये सुरू झाली आणि तिच्या आसऱ्याने ही वस्ती वाढली. बाप, काका, थोरला भाऊ असे सगळेच समुद्रावर. शाळा सुटली की पोरगा पंधरा-सोळाव्या वर्षी ‘डेकी लर्नर’, म्हणजे शिकाऊ खलाशी, म्हणून चढे. मग डेकहँड (डेकवरचा खलाशी), बोसन (खलाशांचा मुकादम), मेट (स्किपरच्या हाताखालचा अधिकारी) आणि परीक्षा देऊन मिळवलेला स्किपरचा परवाना. आपल्याकडच्या कोळी बोटीवरचा तांडेलही असाच डेकवर शिकून वर येतो. फरक असा, की तांडेल बऱ्याचदा स्वतःच्या किंवा घरच्या बोटीवर असतो, तर हलचा स्किपर कंपनीच्या जहाजावर.

एक खेप साधारण तीन आठवड्यांची. मासळीच्या जागी पोचायलाच चार-पाच दिवस लागत, परतीलाही तेवढेच. मधल्या दिवसांत डेकवरची माणसे अठरा तास काम आणि सहा तास विश्रांती या हिशेबाने राबत. डेक उघडा, हिवाळ्यात उत्तरेला सूर्य उगवतच नाही, दिव्यांच्या उजेडात मासे चिरून, साफ करून खाली बर्फात रचायचे. स्किपर वर ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, असे. खिडकी खाली ओढून डेकवर ओरडून हुकूम देई. मासळी सापडली की त्यालाही झोप नसे.

मासळी शोधणे हीच त्याची खरी विद्या. आवाजाच्या प्रतिध्वनीवरून समुद्राची खोली दाखवणारे इको-साउंडर येण्यापूर्वी शिशाच्या वजनाच्या तळाला चरबी लावून ते समुद्रतळाशी सोडत. वर ओढल्यावर चरबीला वाळू चिकटली आहे, शिंपल्यांचा चुरा आहे की चिखल, यावरून जुना स्किपर जागा ओळखे. कुठे जाळे टाकले, कुठे ते खडकात फाटले, याच्या नोंदी तो स्वतःच्या वहीत ठेवी आणि त्या सहसा कुणाला दाखवत नसे. रेडिओवर एकाच कंपनीची जहाजे आपापसांत सांकेतिक भाषेत बोलत. परक्या जहाजाला ‘इथे काही नाही’ असे सांगणे हा व्यवहाराचाच भाग होता. आता हे वाचून हसू येते, पण रेडिओवरचा हा आडपडदा पुढे महागात पडला.

स्किपरला ठरावीक पगार नव्हता. मासळी विकून, कोळसा वा तेल, बर्फ, जाळी यांचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेत त्याचा वाटा. खेप साधली तर तो वस्तीतला श्रीमंत माणूस. फसली तर घरी येताना उलट तोच कंपनीला देणे लागे. लागोपाठ दोन-तीन खेपा वाईट गेल्या की जहाज दुसऱ्याला मिळे. खलाशांना खेपांच्या मध्ये जेमतेम तीन दिवस सुट्टी असे आणि त्यांचा खर्चिकपणा पाहून हलमध्ये त्यांना ‘तीन दिवसांचे लखपती’ म्हणत. १९५४ पासून वर्षातील सर्वाधिक मासळी आणणाऱ्या ब्रिटिश ट्रॉलरला ‘सिल्व्हर कॉड’ हा चषक दिला जाऊ लागला. तो जिंकणाऱ्या स्किपरला कंपन्यांत मान होता. पण वादळात माघार घेऊन माणसे सुखरूप आणणाऱ्यासाठी असा चषक नव्हता, हेही नोंदवायला हवे.

माशाचे यकृतही वाया जात नसे. ते जहाजावरच उकळून तेल काढत आणि त्याचे पैसे वेगळे मिळत. १९३० च्या दशकात हलच्या ट्रॉलर मालकांनी एकत्र येऊन कॉड लिव्हर ऑइलचा उद्योग उभारला. भारतातल्या औषधांच्या दुकानांतही मिळणाऱ्या ‘सेव्हन सीज’च्या पिवळ्या गोळ्यांचे मूळ तिथले.

सर्वांत मोठे भय लाटांचे नव्हते, बर्फाचे होते. कडाक्याच्या थंडीत उडालेले तुषार डोलकाठीवर, दोरखंडांवर, कठड्यांवर पडताच गोठतात. बोटाएवढी दोरी मांडीएवढी होते. हे सारे वजन जहाजाच्या वरच्या भागात साचते, गुरुत्वमध्य वर सरकतो, आणि कलंडलेले जहाज पूर्वीसारखे चटकन सरळ होत नाही. त्या सावकाश उठण्यावरून जाणत्या स्किपरला धोका कळे. मग स्वयंपाक्यासकट सगळे कुऱ्हाडी, हातोडे घेऊन बर्फ फोडायला लागत आणि स्किपर जहाजाचे तोंड वाऱ्याकडे धरून ठेवी. वळायला जावे तर लाट आडवी बसण्याची भीती, तसेच राहावे तर पुन्हा तुषार.

२६ जानेवारी १९५५ रोजी आइसलँडच्या उत्तरेस ‘लोरेला’ आणि ‘रॉडरिगो’ ही हलची दोन जहाजे अशीच काही तासांच्या अंतराने उलटली. जहाज ढकलणाऱ्या पंख्यात तार अडकलेल्या दुसऱ्या एका ट्रॉलरच्या मदतीसाठी ती त्या बाजूला गेली होती. त्या ट्रॉलरची सुटका झाली. या दोघांवरचे चाळीसही जण गेले.

१९६८ च्या हिवाळ्यात तीन जहाजे गेली. ‘सेंट रोमानस’वर स्वतंत्र रेडिओ ऑपरेटर नव्हता. १० जानेवारीला निघालेल्या त्या जहाजाचा काहीच निरोप येत नाही, याची काळजी सुरू व्हायला २६ तारीख उजाडली. रेडिओवर गप्प राहणे हे स्किपरांच्या बाबतीत इतके नेहमीचे होते की मौनाचा अर्थ बुडणे असू शकतो, हे कुणाच्या लवकर ध्यानात आले नाही. पाठोपाठ ‘किंग्स्टन पेरिडॉट’ हरवले. ४ फेब्रुवारीला वादळात आसऱ्यासाठी आइसलँडच्या वायव्येकडील फ्योर्डमध्ये (जमिनीत घुसलेल्या अरुंद खाडीत) शिरलेले ‘रॉस क्लीव्हलँड’ बर्फाच्या भाराने उलटले. त्याचे स्किपर फिल गे यांनी जहाज आडवे होत असल्याचे रेडिओवर कळवले आणि स्वतःचे व खलाशांचे प्रेम घरच्यांना सांगायला सांगितले. जवळच्या जहाजांनी हे ऐकले, पण करण्यासारखे काही नव्हते. तिन्ही जहाजांवर मिळून ५८ माणसे गेली. ‘रॉस क्लीव्हलँड’चे मेट हॅरी एडम तेवढे वाचले. रबरी तराफ्यावरचे त्यांचे दोन्ही सोबती थंडीने मरण पावले होते. किनाऱ्याला लागल्यावर ते एका बंद घराच्या आडोशाला रात्रभर उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी मेंढ्या राखणाऱ्या मुलाला दिसले. पुढे ते पुन्हा समुद्रावर गेले.

त्यानंतर जे बदलले ते स्किपरांमुळे नव्हे, वस्तीतल्या बायकांमुळे. लिलियन बिलोका आणि त्यांच्या मैत्रिणींनी दहा हजार सह्या गोळा केल्या, गोदीवर जहाजे अडवायचा प्रयत्न केला, लंडनला जाऊन मंत्र्यांना गाठले. प्रत्येक जहाजावर रेडिओ ऑपरेटर आणि ताफ्यासोबत मदतजहाज या त्यांच्या मागण्या मान्य झाल्या. वस्तीत मात्र सगळ्यांनाच हे रुचले नाही. निघण्याच्या दिवशी बाईने गोदीवर येऊ नये, घरात कपडे धुवू नयेत, नाहीतर माणूस वाहून जातो, अशी तिथली रीत. तिथेच बायका घोषणा देत उभ्या राहिल्या होत्या.

पेशा संपला तो कायद्याने. आइसलँडने आपली मासेमारीची हद्द १९५८ मध्ये १२, १९७२ मध्ये ५० आणि १९७५ मध्ये २०० सागरी मैलांपर्यंत वाढवली. ‘कॉड युद्धे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या झगड्यांत आइसलँडची गस्ती जहाजे ब्रिटिश ट्रॉलरच्या जाळ्यांच्या तारा कापत आणि स्किपर जाळे वाचवायला नौदलाच्या जहाजांच्या आडोशाने मासे धरत. १ जून १९७६ च्या करारानंतर ते पाणी ब्रिटिश ट्रॉलरना जवळजवळ बंदच झाले. जहाजे भंगारात निघाली. वीस-तीस वर्षे एकाच कंपनीत काढलेल्या माणसांनाही ‘दर खेपेचे हंगामी कामगार’ ठरवून नोकरी गेल्याची भरपाई नाकारण्यात आली. सरकारी भरपाईची योजना सुरू झाली ती २००० मध्ये. तोवर पुष्कळजण वारले होते.