पार्श्वभूमी : आमवाताच्या पथ्याची यादी आली कुठून?

सांगली-मिरजेत कुणाला आमवाताचं निदान झालं की हातात दोन याद्या पडतात. एक डॉक्टरांची, गोळ्यांची. दुसरी घरच्यांची : वांगं बंद, बटाटा बंद, दही बंद, आंबट बंद, हरभऱ्याची डाळ बंद; हळदीचं दूध मात्र रोज. दुसरी यादी पहिलीपेक्षा लांब असते आणि 'का?' विचारलं तर 'वातूळ असतं' एवढ्यावर विषय मिटतो. खरं तर तिच्यात निरनिराळ्या काळांची भर पडत गेली आहे, आणि सगळी भर सारख्या मोलाची नाही.

आधी आजाराचं स्पष्ट करू. गुडघे झिजलेली आजी आणि पस्तिशीतच सकाळी तासभर मूठ वळत नाही अशी सून, दोघींनाही आपल्याकडे 'संधिवात'च झालेला असतो. आजीची झीज आहे. सुनेची रोगप्रतिकारशक्ती तिच्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटली आहे. सूज राहिली तर हाडं कुरतडली जातात आणि बोटं कायमची वाकडी होतात. या दुसऱ्या आजाराला, म्हणजे आमवाताला, डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, आणि इथे विषय त्याचाच आहे.

आमवाताला स्वतंत्र प्रकरण दिलं ते आयुर्वेदाचा ग्रंथकार माधवकराने, सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास. विंचू डसल्यासारखी वेदना, सुजलेले सांधे, अन्नावरची वासना उडणं, अंगात कसकस, हे वर्णन आजचा रुग्णही ओळखेल. कारणांत त्याने विरुद्ध आहार, मंदावलेला अग्नी, बैठेपणा आणि स्निग्ध जेवणावर केलेला व्यायाम सांगितला. रोगाचं मूळ पोटात मानलं की उपचारही तिथूनच सुरू होणार : लंघन, सुंठ, एरंडेल. शरीराच्या रानात माजलेल्या आमवातरूपी हत्तीला मारणारा सिंह म्हणजे एरंडेल, अशी त्याची ख्याती. नंतरच्या ग्रंथांनी दही, दूध, गूळ, उडीद आणि मासे अपथ्यात घातले.

बटाटा, टोमॅटो आणि मिरची माधवकराच्या स्वप्नातही नव्हती. ती पोर्तुगीजांच्या काळात अमेरिकेकडून आली. म्हणजे बटाट्याला वातूळ ठरवलं ते बरंच पुढे, घराघरांत. मला यात वावगं काही दिसत नाही, फक्त 'आयुर्वेदातच लिहिलंय' हा शिक्का तेवढा सैल हाताने मारलेला आहे.

वांग्याची गोष्ट याहून मजेची. कृष्णाकाठची वांगी सोडायची म्हणजे सांगलीकराला शिक्षाच. पण ती सोडायला सांगणारी एकटी आपली आजी नाही. अमेरिकेत नॉर्मन चाइल्डर्स नावाचे फलोद्यानशास्त्राचे प्राध्यापक होते. स्वतःचे सांधे दुखू लागल्यावर त्यांनी वांगं, टोमॅटो, बटाटा, मिरची आणि तंबाखू या एकाच कुळातल्या वनस्पतींना दोषी ठरवलं आणि १९७० च्या दशकापासून हा आहार हिरिरीने पसरवला. त्यांचा भर लोकांनी कळवलेल्या अनुभवांवर होता. पक्क्या चाचण्यांचा आधार त्याला मिळाला नाही. यादीतला तंबाखू मात्र खरा गुन्हेगार निघाला. धूम्रपानाने हा आजार होण्याचा धोका वाढतो, हे आता नीट सिद्ध झालं आहे. आपल्याकडे वांगं ताटातून जातं आणि बिडी खिशात राहते.

युरोपातल्या वैद्यकाने हा आजार उशिरा वेगळा काढला. पॅरिसमध्ये १८०० साली लांद्रे-बोव्हे यांनी त्याचं वर्णन केलं आणि १८५९ मध्ये लंडनच्या आल्फ्रेड गॅरॉड यांनी आजचं नाव दिलं. १८९४ मध्ये विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत मिशनचं रुग्णालय सुरू केलं, तेव्हा जगात कुणाकडेच या आजाराची गती रोखणारं औषध नव्हतं. पुढे काही काळ तर शरीरात कुठेतरी जंतू दडलाय म्हणून रुग्णांचे चांगले दात आणि टॉन्सिल काढले जात. मग सोन्याच्या क्षारांची इंजेक्शनं आली. अशा काळात पथ्य हा दुय्यम उपाय नव्हता, निरुपाय होता.

१९४८ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी अंथरुणाला खिळलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोन हे स्टेरॉइड दिलं आणि काही दिवसांत ती चालू लागली. १९५० चं नोबेल त्यांना मिळालं. स्टेरॉइडचे दुष्परिणाम कळायला वेळ लागला, आपल्या बाजारात तर ते अजून कळायचेत. 'जडीबुटीच्या' निनावी पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे : चार दिवसांत माणूस जिना चढतो, महिन्या-दोन महिन्यांत चेहरा गोल होतो, आणि पाहुणे म्हणतात तब्येत सुधारली. श्रेय जातं पुडीबरोबर सांगितलेल्या पथ्याला.

आहाराची खरी कसोटी लागली नॉर्वेत. १९९१ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ५३ रुग्ण होते. एका गटाने ७ ते १० दिवस उपवास केला, मग काही महिने गहू-दूध-मांस वर्ज्य, पुढे शाकाहार. दुसरा गट नेहमीचंच जेवला. महिन्याभरात पहिल्या गटाची सूज आणि सकाळचा ताठरपणा कमी झाला आणि हा गुण वर्षभर बराचसा टिकला. लंघनात तथ्य आहे म्हणायला हा चांगला पुरावा, पण नुसता उपवास सोडला की दुखणं परत येतं, हेही आधीच्या अभ्यासांत दिसलं होतं. शिवाय आपण काय खातोय हे रुग्णापासून लपवता येत नाही, त्यामुळे गुण आहाराचा किती आणि विश्वासाचा किती हे सुटं करणं अवघड.

आता हळद. सांगलीच्या सौद्यात खरेदीदार हळकुंड मोडून आतला रंग बघतो. तो रंग म्हणजेच कुर्क्युमिन, १८१५ मध्ये वेगळं काढलेलं. १९८० मध्ये देवधर आणि सहकाऱ्यांनी आमवाताच्या १८ रुग्णांना रोज १,२०० मिलिग्रॅम कुर्क्युमिन देऊन पाहिलं आणि थोडा गुण दिसला. हळदीत कुर्क्युमिन साधारण ३ टक्के. म्हणजे तेवढ्यासाठी रोज ४० ग्रॅम हळद खावी लागेल. दुधातल्या चिमटीची तिथे गणतीच नाही. त्यातही ते आतड्यातून फार कमी शोषलं जातं. १९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी मिरीतल्या पायपरिनने ते शोषण वीसपट वाढतं असं दाखवलं, आणि तिथून हळद-मिरीच्या कॅप्सुलांचं पेव फुटलं. सांगलीजवळच्या हरिपूरच्या जुन्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद वर्षानुवर्षं टिकायची. या कॅप्सुलांचे दावे तितके टिकाऊ नाहीत.

अमेरिकन ऱ्हुमॅटॉलॉजी संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात भूमध्यसागरी धर्तीच्या आहाराची सशर्त शिफारस आहे : भाज्या, कडधान्यं, अख्खी धान्यं, दाणे, मासे, मीठ-साखर बेताची. इतर ठरावीक आहार आणि पूरक गोळ्या यांच्या बाजूने कौल नाही. शाळूची भाकरी, मटकीची उसळ, मेथी आणि जवसाची चटणी या चौकटीत सहज बसते. आपल्या जुन्या अपथ्यातले मासे इथे पथ्यात आलेत. आणि हे सगळं औषधासोबत, औषधाऐवजी नाही; सांधे वाचवण्याचं काम १९८८ पासून अमेरिकेत या आजारासाठी मान्य असलेल्या मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांचंच.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं, ते चालू असताना दारू टाळायची असते आणि यकृतासाठी वरचेवर रक्त तपासायचं असतं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद केली. त्यांतल्या काही गोळ्यांत मिरीचा अर्कही होता. भाजीतल्या हळदीचा यात काही संबंध नाही. पण रक्ततपासणीत एसजीपीटी (यकृताला इजा दाखवणारा आकडा) वाढलेला आला तर कॅप्सूल घेताय का हे डॉक्टरांना आपण होऊन सांगावं लागतं, कारण 'औषधं कोणती चालू आहेत' या प्रश्नाच्या उत्तरात हळद कुणीच मोजत नाही.