पाइपाखालचा टेकू

मांडव घालताना मेढीच्या बेचक्यात आडवा वासा नुसता ठेवला, तर एरवी तो निवांत बसून राहतो. मेढ त्याचं वजन पेलते. पण वावटळ आली की तोच वासा बेचक्यातून उचलला जातो. मेढ खालून टेकू देते, वरून धरून ठेवत नाही. म्हणून तर वासा काथ्याने आवळून बांधतात. कारखान्यातल्या पाइपांच्या सपोर्टचं गणित याच जातीचं आहे. फक्त तिथे वावटळीची वाट बघावी लागत नाही, पाइप स्वतःच हलतो.

तो हलतो, कारण तापतो. साधं पोलाद दर मीटरला १०० अंश सेल्सिअसमागे सुमारे १.२ मिलिमीटर वाढतं. म्हणजे १०० मीटरची वाफेची लाइन ३० अंशांवरून ३३० अंशांवर गेली की किमान ३६ सेंटिमीटर लांबते, चांगली दीड वीत. दोन्ही टोकं घट्ट धरून ही वाढ अडवली, तर दर अंशाला साधारण २.४ मेगापास्कल ताण चढतो. नेहमीच्या पोलादाची सहनशक्ती २५० मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे शंभरेक अंशांतच ती संपते. त्यामुळे पाइपाला धरायचंही असतं आणि सोडायचंही. कुठे धरायचं, कोणत्या दिशेला सोडायचं, हे ठरवण्यासाठी जे गणित मांडतात ते पाइप स्ट्रेस अ‍ॅनालिसिस.

आज हे गणित संगणकावर होतं. तिथे सपोर्ट म्हणजे पडद्यावरचा एक बाण. आणखी काही सांगितलं नाही, तर प्रोग्रॅम त्या बाणाला जवळजवळ अनंत ताठर मानतो, घर्षण नाही असं धरतो, फटही नाही असं धरतो. बाण दोन्ही दिशांना धरणारा निवडला, तर पाइपाला खाली जाऊ देत नाही आणि वरही उठू देत नाही. जागेवर मात्र काय असतं? बीमवर नुसता टेकलेला पाइपाचा शू, म्हणजे पाइपाखाली जोडलेला लोखंडी पाय.

पंपाजवळची नेहमीची मांडणी घ्या. पंपाच्या नोझलमधून, म्हणजे पाइप जोडायच्या तोंडातून, पाइप ५ मीटर सरळ वर जातो, वळतो आणि आडवा निघतो. वळणाजवळच एक सपोर्ट असतो. पाइप ३०० अंशांनी तापला की उभा भाग १८ मिलिमीटर वर वाढतो आणि शू बीमवरून उचलला जातो. आता तिथलं वजन सपोर्ट घेत नाही, ते पंपाच्या नोझलवर येतं. दोन्ही बाजूंनी धरणारा बाण टाकला असेल, तर संगणक उलटंच सांगतो: सपोर्ट पाइपाला खाली ओढून धरतोय. कोण ओढणार? बीमला हात नसतात. सपोर्ट एकतर्फी आहे हे सांगितलं, तर प्रोग्रॅम आधी शू टेकलाय असं धरून बघतो, ओढ दिसली की तो सपोर्ट वगळतो आणि गणित पुन्हा सोडवतो, उत्तर जुळेपर्यंत. तिथे खरं तर स्प्रिंग सपोर्ट, म्हणजे पाइपासोबत वरखाली होत वजन पेलणारा टेकू, हवा हे तेव्हा कळतं.

आपण टाकलेला टेकू नेमकं काय धरतो, हा प्रश्नच कोणी विचारला नाही तर काय होतं, ते इंग्लंडमधल्या फ्लिक्सबरोने दाखवलं. तिथे नायलॉनच्या कच्च्या मालासाठी लागणाऱ्या सायक्लोहेक्झेनच्या सहा टाक्या ओळीने, एकेक पायरी खाली अशा होत्या. १९७४च्या वसंतात पाचव्या टाकीला तडा गेला. ती काढून चौथी आणि सहावी टाकी तात्पुरत्या पाइपाने जोडली. टाक्यांची तोंडं २८ इंची, हाताशी असलेला पाइप २० इंची; म्हणून दोन्ही टोकांना बेलोज, म्हणजे भात्यासारखे लवचीक जोड, आणि उंचीतला फरक भरून काढायला मध्ये दोन वाकणं. नीट आराखडा नव्हता, वर्कशॉपच्या फरशीवर खडूने आकृती काढली होती. प्रवाह पुरेसा जाईल का, हे मात्र तपासलं होतं.

आधार दिला तो बांधकामाच्या परांचीचा, पाइपाखालून. वजनाला तो पुरेसा होता. पण बेलोजमधला दाब पाइपाला दोन्ही टोकांकडून आत रेटतो. ८ ते ९ बार दाब आणि २८ इंचांचा व्यास धरला, तर हा रेटा तीस टनांच्या वर जातो. दोन्ही टोकं वेगळ्या उंचीवर असल्याने हे रेटे एका रेषेत नव्हते. त्यांनी पाइपाला फिरवण्याचाच प्रयत्न केला असणार, आणि परांचीत तो अडवणारं काहीच नव्हतं. शनिवार, १ जून १९७४ला जोड सुटला, सायक्लोहेक्झेनच्या वाफेचा ढग पेटला आणि २८ माणसं गेली. चौकशी न्यायालयाने दोष या तात्पुरत्या पाइपावर ठेवला. सुट्टीचा दिवस होता म्हणून आकडा तिथेच थांबला.

एकतर्फीपणा निदान डोळ्यांना दिसतो. ताठरपणा दिसत नाही, म्हणून तो जास्त फसवतो. २०० मिलिमीटर उंचीचा आयएसएमबी, म्हणजे भारतीय मानकाचा I आकाराचा बीम भिंतीतून १ मीटर बाहेर काढून त्यावर पाइप ठेवला, तर टोकाला वरून १ मिलिमीटर वाकवायला साधारण १३ किलोन्यूटन लागतात. तोच बीम आडवा ढकलला, तर १ किलोन्यूटनही पुरतो. एकच लोखंड, पण दिशा बदलली की ताठरपणा पंधरापट कमी. संगणकात दोन्ही दिशांना ‘पक्का’ असं लिहिलं, तर कागदावर पंप सुरक्षित राहतो. प्रत्यक्षात बीम बाजूला सरकतो आणि त्याने अडवायचा भार नोझलकडे जातो. याच्या उलटही घडतं: गाइडमधली, म्हणजे पाइपाला बाजूला जाऊ न देणाऱ्या सपोर्टमधली, दोन-तीन मिलिमीटरची फट मॉडेलमध्ये दाखवली नाही, तर नसलेला भार दिसतो आणि मग विनाकारण लोखंड वाढवलं जातं.

घर्षणाचा एकच हिशेब सांगतो. प्रत्येकी १५ किलोन्यूटन वजन घेणारे २० सपोर्ट, पोलादावर पोलाद, घर्षणांक ०.३. लाइन एका टोकाकडून सरकू लागली की दुसऱ्या टोकाच्या स्टॉपवर, म्हणजे पाइपाला लांबीच्या दिशेने अडवणाऱ्या सपोर्टवर, ९० किलोन्यूटनांपर्यंत, म्हणजे नऊ टनांचा भार येऊ शकतो. खाली टेफ्लॉनची पट्टी असेल आणि घर्षणांक ०.१ धरता आला, तर तीन टन. घर्षणाला मदतनीस मात्र समजू नये. थरथरीने, धुळीने, गंजाने ते रोज बदलतं. म्हणून ते धरून एकदा आणि न धरता एकदा, असं दोनदा गणित करणं मला शहाणपणाचं वाटतं.

आणि इतकं करूनही, पंपाजवळ बसवलेला स्प्रिंग सपोर्ट कारखान्यात येतो तो खीळ घालून, जेणेकरून पाण्याच्या चाचणीत भरलेल्या पाइपाचं वजन त्याला दाबू नये. चाचणी संपली की खीळ काढायची असते. ती राहून गेली, तर मॉडेलमधली स्प्रिंग जागेवर लोखंडाचा ठोकळा असते, आणि पाइप तापायला लागेपर्यंत कोणाच्याच ते लक्षात येत नाही.