अ‍ॅनिमस: खचलेल्या ज्वालामुखीच्या कडेने वाहणारी नदी

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या सॅन हुआन पर्वतरांगेत अ‍ॅनिमस नदी उगम पावते. डोंगरातले ओढे सहसा झाडाच्या फांद्यांसारखे, उतार मिळेल तिकडे पसरलेले दिसतात. इथे मात्र पूर्वेकडून अ‍ॅनिमस आणि पश्चिमेकडून मिनरल क्रीक नावाचा ओढा, दोघेही एकाच डोंगरसमूहाला वळसा घालत येतात आणि सिल्व्हरटन गावापाशी एकमेकांना मिळतात. मधून वाहत येतो सिमेंट क्रीक हा तिसरा ओढा. नकाशावर पाहिलं तर पाण्याने जणू डोंगराला कडं घातलं आहे.

हे कडं पावणेतीन कोटी वर्षांहून थोडं जुनं आहे. तेव्हा इथे ज्वालामुखीचे प्रचंड उद्रेक झाले, जमिनीखालचा शिलारस बाहेर पडला आणि आधार गेलेलं छप्पर खाली खचलं. अशा खचलेल्या खळग्याला कॅल्डेरा म्हणतात. खचताना त्याच्या कडेचा खडक गोलाकार तडकला, चुरला. पाण्याला भक्कम खडकापेक्षा चुरलेला खडक कोरणं सोपं, म्हणून नदीने पुढे तीच वाट धरली.

पण त्या भेगांमधून नदीच्या कितीतरी आधी दुसरं काही वर आलं होतं. उद्रेक थंडावल्यावरही खोलवरचं तप्त, खनिजयुक्त पाणी त्याच फटींतून पुन्हा पुन्हा वर चढत राहिलं आणि जाताना गंधक, लोह, जस्त, शिसं, तांबं, चांदी, सोनं मागे ठेवून गेलं. १८७०च्या दशकात चांदीच्या शोधात आलेली माणसं ओढ्यांच्या काठाने वर चढली, आणि धातूच्या शिरा त्यांना तिथेच सापडल्या. नदी आणि खाणी इथे शेजारी आहेत, त्यामागचं कारण हे एवढं जुनं आहे. या नदीबद्दल बोलताना ते बहुधा सांगितलंच जात नाही, याची मला चुटपुट लागते.

चांदीबरोबर आलेलं पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं सोनेरी खनिज, खरा प्रश्न निर्माण करतं. हवा आणि पाणी मिळालं की त्यातून गंधकाम्ल तयार होतं. काही जिवाणू ही क्रिया अनेक पटींनी वेगवान करतात. ते आम्ल मग आजूबाजूच्या खडकातले धातू विरघळवत पुढे जातं. खाणकामाच्या आधीही हे घडत होतं. सिमेंट क्रीकच्या काठी लोहाच्या साक्याने घट्ट सांधलेले खडीचे थर आहेत, आणि त्यात अडकलेल्या लाकडाच्या तुकड्यांचं वय हजारो वर्षांचं निघालं आहे. म्हणजे ओढा तेव्हाही तांबडाच होता. खाणींनी मात्र डोंगराच्या पोटात मैलोन्‌मैल बोगदे काढून हवेला नव्या वाटा दिल्या. डोंगर किती पोकळ झाला होता, ते ४ जून १९७८ला दिसलं. खालच्या खाणीचं छत फोडून लेक एमा हा वरचा तलाव आत कोसळला. रविवार असल्यामुळे खाणीत कोणी नव्हतं.

पुढे ५ ऑगस्ट २०१५ला केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेचं पथक गोल्ड किंग या बंद खाणीच्या तोंडाशी काम करत असताना आत तुंबलेलं सुमारे १ कोटी १३ लाख लिटर पाणी फुटून बाहेर आलं. नदी नारिंगी झाली आणि तिची छायाचित्रं जगभर गेली.

रंगामागचं रसायन समजून घेण्यासारखं आहे. आम्ल ओढा स्वच्छ पाण्यात मिसळला की आम्लता उतरते आणि विरघळलेलं लोह गंजासारखं बाहेर पडतं. तोच नारिंगी साका. आम्लता आणखी उतरली की अ‍ॅल्युमिनिअमचा पांढरा साका बसतो. जस्त मात्र पाणी जवळजवळ उदासीन झालं तरी विरघळलेलंच राहतं, आणि माशांच्या कल्ल्यांना ते घातक असतं. निवळशंख दिसणारं पाणी म्हणूनच निर्धोक असेलच असं नाही.

सिल्व्हरटनच्या खाली नदी शंभर कोटींहून अधिक वर्षं जुन्या कठीण खडकातल्या अरुंद घळीत शिरते. १८८२ साली घातलेली अरुंद रुळांची रेल्वे आजही तिच्या काठाने धावते. घळीतून बाहेर पडताच दरी एकदम रुंद, सपाट होते. हिमयुगात इथवर हिमनदी पोहोचली होती. तिने ड्युरँगो शहरापाशी ढकलून आणलेल्या दगडमातीच्या बांधामागे पाणी साठलं, तळं झालं आणि ते हळूहळू गाळाने भरलं. त्या सपाटीवर नदी आज नागमोडी, संथ वाहते आणि वरून आलेला गाळ वळणावळणाला टाकत जाते. सुरुवातीच्या काळात धातू वेगळा काढणाऱ्या गिरण्या आपला चुरा सरळ नदीत सोडत, त्याचाही वाटा या गाळात आहे.

वसंतात बर्फ वितळून पाण्याला जोर आला की हा गाळ पुन्हा उचलला जातो. २०१५च्या त्या घटनेत अ‍ॅनिमसमध्ये आलेले एकूण धातू म्हणजे वसंतातल्या भर पुराच्या एक-दोन दिवसांत ही नदी वाहून नेते साधारण तेवढे, असं पर्यावरण संरक्षण संस्थेच्याच अभ्यासात आढळलं. त्या दिवसांत मात्र तिचं छायाचित्र काढायला कोणी येत नाही.