ड्राय की वेट: नायट्रसच्या गाडीत पेट्रोल कोण आणतं?

हिंगणघाटकडे माझं इंजेक्टर-पंपाचं छोटं वर्कशॉप आहे. कामं बहुतेक ट्रॅक्टर आणि बोलेरोची. मागच्या उन्हाळ्यात दोन पोरं जुनी वीटेक होंडा सिटी घेऊन आली. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टाईच्या ट्रॅकवर ड्रॅगला, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीला, उतरायचं म्हणाली. त्यासाठी नायट्रसचं किट बसवायचं होतं. नायट्रस म्हणजे बाटलीत दाबून भरलेला नायट्रस ऑक्साइड, इंजिनाला जादा ऑक्सिजन देऊन थोडा वेळ ताकद वाढवणारा. पहिलाच प्रश्न असा: "काकाजी, ड्राय किट घेतलं त गॅस जाते अन् वेट घेतलं त पातळ जाते, असंच ना?"

असं नाही. दोन्ही किटांत बाटलीतून नायट्रस पातळच निघतो. उणे ८८ अंशांना उकळणारा हा द्रव नोझलबाहेर पडला की वाफ होतो आणि इंजिनात शिरणारी हवा गार करतो. कोरडं-ओलं हे विशेषण नायट्रसचं नाहीच, इनटेकचं, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या वाटेचं आहे. इनटेकच्या नळीतून नायट्रससोबत पेट्रोलही जात असेल तर वेट, नुसता नायट्रस जात असेल तर ड्राय.

मुळात जास्तीचं पेट्रोल लागतंच कशाला? नायट्रस स्वतः जळत नाही. सिलिंडरच्या आत ३०० अंशांच्या आसपास त्याचा रेणू फुटतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. हवेत वजनाने २३ टक्के ऑक्सिजन, नायट्रसमध्ये ३६. एक किलो पेट्रोल पुरतं जाळायला साडेचौदा किलो हवा लागते, तेच नायट्रस साडेनऊ किलोच्या आसपास पुरतो. म्हणजे हा चुलीवरचा फुंकणीचा खेळ. फुंकलं की जाळ वाढतो, पण लाकूड सरकवलं नाही तर? चुलीत विस्तव विझतो. इंजिनात उलटं होतं: मिश्रण लीन होतं, म्हणजे ऑक्सिजनच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, ते अवेळी भडकून ठोका बसू लागतो आणि पिस्टन वितळतो. माझ्या टेबलावर असा एक पिस्टन पेपरवेट म्हणून पडलाय. एक्झॉस्टच्या बाजूची कड उंदराने भाकर कुरतडावी तशी गेलेली, आणि त्याच सिलिंडरच्या प्लगवर ॲल्युमिनियमचे बारीक मणी चिकटलेले.

आता हे लाकूड सरकवतो कोण, एवढाच दोन किटांतला फरक.

ड्रायमध्ये ते काम गाडीचे स्वतःचे, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर करतात. बटण दाबलं की एकतर ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंजेक्टर जास्त वेळ उघडे ठेवतो, नाहीतर रेग्युलेटरवर दाब देऊन पेट्रोलचं प्रेशर वाढवलं जातं. जोडणी सुटसुटीत, इनटेक कोरडा, बॅकफायरची भीती कमी. पण सगळी भिस्त इंजेक्टर आणि पंपावर. कंपनीचे इंजेक्टर आधीच पूर्ण जोर लावत असतील तर ते जास्तीचं देणार कुठून? म्हणून ड्राय लहान शॉटलाच, म्हणजे थोडीच हॉर्सपॉवर वाढवायची असेल तेव्हाच, शोभतं. कार्बोरेटरच्या गाडीला तर इंजेक्टरच नाहीत, तिथे ड्रायचा विषयच संपला.

वेटमध्ये सोलेनॉइड, म्हणजे विजेवर उघडणारे वॉल्व्ह, दोन, एक नायट्रसचा आणि एक पेट्रोलचा. दोन्ही धारा एकाच नोझलमध्ये भेटून फवारा होऊन आत जातात. प्रमाण जेटच्या, म्हणजे नोझलमधल्या मापाच्या तोट्यांच्या, छिद्रांवर ठरतं, त्यामुळे मोठा शॉट झेपतो. अडचण वेगळी आहे. आजच्या गाड्यांचा प्लॅस्टिकचा इनटेक फक्त हवा वाहून न्यायला बनवलेला असतो. कमी आरपीएमला हवेचा वेग नसतो, पेट्रोल वळणावर साचतं आणि एखादी ठिणगी मागे आली की मॅनिफोल्ड, म्हणजे हवा सिलिंडरांत वाटणारा तो इनटेकच, फुटतो. शिवाय वाटप सारखं होत नाही. ठिबकच्या नळीत शेवटच्या झाडाला किती पाणी पोचतं हे ज्याने पाहिलंय त्याला हे सांगायला नको. म्हणून ३००० आरपीएमच्या खाली आणि एक्सलेटर पूर्ण दाबलेला नसताना सिस्टिम चालूच होऊ नये, असे स्विच हवेतच. पेट्रोलचं प्रेशर पडलं की नायट्रस बंद करणारा स्विचही घ्या, ड्रायलाही. ठिणगीचं टायमिंग दर ५० हॉर्सपॉवरला दोनेक अंश मागे आणि प्लग एक नंबर थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा), हेही दोन्हीकडे सारखंच.

आपल्याकडचा खरा शत्रू मात्र वेगळाच, मे महिना. किट बनवणारे बाटलीचं प्रेशर ९०० ते १००० पीएसआय धरून जेट देतात. ते साधारण तिशीच्या तापमानाला मिळतं. थंड मुलखात त्यासाठी बाटलीला हीटर लावतात. नायट्रसला ३६.४ अंशांच्या वर द्रव राहताच येत नाही आणि आपल्याकडे चंद्रपूर-वर्ध्याचा पारा ४५ ला टेकतो. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर त्याहून जास्त. प्रेशर भरमसाट चढतं, नायट्रस जास्त आणि पेट्रोल तेवढंच, म्हणजे पुन्हा लीन. हीटर नको, ओलं गोणपाट हवं. जानेवारीच्या पहाटे उलटं, ६०० पीएसआयसुद्धा भरत नाही, पण म्हणून बाटलीला गॅसची बत्ती लावायची नाही, कधीच नाही. प्रेशर फारच चढलं तर बाटलीची सुरक्षा चकती फुटते, तिची नळी गाडीबाहेर काढलेली असावी. बंद गाडीत तो गॅस भरला तर श्वासच कोंडतो.

नायट्रसऐवजी वेल्डिंगचा ऑक्सिजन "एकच तर गोष्ट" म्हणून लावणारे महाभाग आहेत. त्यांच्याशी वाद घालत नाही, गाडी गेटबाहेर काढायला सांगतो. स्कॉर्पिओच्या डिझेलला वेट किट लावू पाहणाऱ्यांचंही तेच. डिझेलमध्ये मुळात हवा जास्त असते, पेट्रोलचा फवारा आत गेला तर वेळेआधी पेटून इंजिन फोडेल.

परवान्याचं म्हणाल तर सिलिंडरचे नियम २०१६ चे आणि ते राबवणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या स्फोटक-सुरक्षा संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच. रस्त्यावरच्या गाडीत असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतात. त्यामुळे बाटलीचा वॉल्व्ह ट्रॅकवरच उघडायचा.

पोरांना लहान शॉट हवा होता, ईसीयूही ट्यून होणारा होता, म्हणून मी ड्रायकडे बोट दाखवलं. मग त्यांचे चारही इंजेक्टर काढून तपासणीच्या बेंचवर लावले, प्रत्येकाखाली मोजायची नळी. तिसऱ्या नळीतलं पेट्रोल बाकी तिघांपेक्षा बोटभर खाली राहिलं. आधी तो साफ केला.