मत्स्यनाशके

मत्स्यनाशके : जलाशयातील नको असलेले मासे मारण्यासाठी वापरली जाणारी रसायने. परक्या जातीचे मासे शिरून मूळच्या माशांच्या जिवावर उठतात आणि जाळ्यांनी ते हटत नाहीत, तेव्हा हा कठोर उपाय योजतात. रोटेनोन, अँटिमायसिन, टीएफएम (ट्रायफ्लुओरोमिथिल-नायट्रोफिनॉल) व निक्लोसामाइड ही त्यांतील प्रमुख होत.

रोटेनोनच्या शोधाचे श्रेय वादग्रस्त आहे. दक्षिण अमेरिकेतील आदिवासी काही वेलींची मुळे ठेचून ओढ्यात टाकत आणि भोवंडून वर आलेले मासे वेचत. अशाच एका वेलीतून एमानुएल जॉफ्रॉय यांनी फ्रेंच गियानात वेगळे केलेले ‘निकुलीन’ हे द्रव्य १८९५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्धीस आले. नागाई नागायोशी यांनी १९०२ मध्ये डेरिस या वेलीच्या मुळांतून मिळवलेल्या द्रव्याला त्या वनस्पतीच्या तैवानमधील ‘रोतेन’ या नावावरून रोटेनोन म्हटले. दोन्ही द्रव्ये एकच असल्याचे १९३० च्या सुमारास ठरले. नाव नागाईंचे रूढ झाले; अग्रमान मात्र जॉफ्रॉय यांना देणे अधिक न्याय्य वाटते.

रोटेनोन मायटोकॉन्ड्रियातील (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांतील) श्वसनसाखळी पहिल्याच टप्प्यावर अडवते. पाण्यात ऑक्सिजन असूनही पेशींना तो वापरता येत नाही. कल्ल्यांतून ते थेट रक्तात जात असल्याने माशांना अत्यल्प मात्रा पुरते. सस्तन प्राण्यांच्या आतड्यात ते कमी शोषले जाते. मात्र शिरेतून सतत दिल्यास उंदरांत कंपवातासारखी लक्षणे दिसतात, हे २००० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे ते हाताळणाऱ्यांच्या संरक्षणाला फार महत्त्व आहे.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००७ मध्ये रोटेनोनची पुनर्नोंदणी केली, ती केवळ मत्स्यनाशक म्हणून. कमाल मात्रा लिटरमागे २०० मायक्रोग्रॅम ठरली. पण नुसत्या विषाची मात्रा पाहून भागत नाही. कॅलिफोर्नियातील डेव्हिस सरोवरात १९९७ मध्ये पाइक हे बाहेरून आलेले शिकारी मासे मारण्यासाठी रोटेनोन सोडल्यावर मिश्रणातील सहायक द्रव्ये (विष विरघळवणारी द्रावके इ.) कित्येक महिने पाण्यात सापडत राहिली. पोर्टोला गावाला त्या सरोवराचे पाणी बंद झाले. पाइक १९९९ मध्ये पुन्हा दिसले आणि २००७ मध्ये वेगळे मिश्रण वापरावे लागले. द्रावकाची तपासणी विषाइतकीच कसोशीने व्हायला हवी.

रोटेनोन ऊन व उष्णतेने विघटित होते. थंड पाण्यात ते बराच काळ टिकते. बाहेर वाहणाऱ्या पाण्यात ते निकामी करण्यासाठी पोटॅशियम परमँगनेट मिसळतात. पाणी जांभळट होते. त्याच्या खालच्या अंगाला पिंजऱ्यांत जिवंत मासे ठेवतात. ते तगले तर विष उतरले असे धरतात. परमँगनेट जास्त झाले तर तेही मासे मारते, म्हणून त्याची मात्रा पुन्हापुन्हा मोजावी लागते.

टीएफएमचा वापर उत्तर अमेरिकेतील महासरोवरांना मिळणाऱ्या प्रवाहांत लॅम्प्रे या इतर माशांचे रक्त शोषणाऱ्या जबडाहीन माशाच्या डिंभांविरुद्ध (अळीसारख्या पिलांविरुद्ध) १९५८ पासून होतो.