भाड्याच्या गाडीचं पेट्रोल : ‘फुल-टू-फुल’ आणि ‘सेम-टू-सेम’

गोव्यात सेल्फ-ड्राइव्ह गाडी घेताना चावीबरोबर एक वाक्य हमखास मिळतं : “पेट्रोल सेम-टू-सेम हां.” जेवढं दिलं तेवढं ठेवून परत करा. ऐकायला हे ‘फुल-टू-फुल’इतकंच, म्हणजे भरलेली टाकी घेऊन भरूनच परत करण्याइतकंच, सरळ. दोन्हींत जाळलं तेवढंच भरायचं असतं. फरक आहे तो मोजणार कसं याचा, आणि पैसे जातात ते तिथेच.

भरलेल्या टाकीची साक्ष पंप देतो. नोझल खट्‌कन बंद पडलं की टाकी फुल, आणि पावती आपल्या हातात. ‘सेम’ची साक्ष डॅशबोर्ड देतो, आणि तो साक्षीदार कच्चा. टाकीत पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटवर त्याचं सगळं अवलंबून, त्यामुळे गाडी उतारावर उभी असली तरी तो भलतंच सांगू शकतो. स्विफ्टची टाकी ३७ लिटरची. डॅशबोर्डवर पेट्रोल दाखवणाऱ्या आठ कांड्या असतील, तर एक कांडी साडेचार लिटरच्या घरात जाते. कांडी विझायच्या बेतात असताना गाडी मिळाली आणि परत देताना ती विझली, तर खरा फरक असेल अर्ध्या लिटरचा, वसुली मात्र अख्ख्या कांडीची. ‘अजून इतके किलोमीटर’ हा आकडाही आधी गाडी कशी चालवली गेली त्यावरून काढलेला अंदाज असतो. त्यावर भांडू नये.

त्यातून गाडी बहुतेकदा एखाद्या कांडीवरच मिळते. परतताना नेमकं तिथे आणून ठेवणं कुणाला जमतं? मग विमान चुकेल या धास्तीने आपण पाचशेचं जास्तीचं टाकतो. ते परत मागितलं की एजंट नुसता हसतो. मी हे दान दोनदा केलंय.

म्हणून शक्य तिथे फुल-टू-फुलच मागावं. नाहीच मिळालं, तर सपाट जागेवर, इंजिन चालू ठेवून, कांड्या आणि किलोमीटर एकाच फोटोत घ्यावेत आणि तिथल्या तिथे एजंटला व्हॉट्सॲप करावेत. नंतर वाद झाला तर त्या फोटोवरची वेळ बोलते.

फुल-टू-फुलमध्येही एक खोच आहे. बऱ्याच गाड्यांत टाकी भरल्यावर पहिले काही लिटर संपेपर्यंत काटा हलतच नाही. म्हणजे ‘फुल’ म्हणून मिळालेली टाकी थोडी रिकामी असू शकते. शंका आली तर निघाल्या निघाल्या जवळच्या पंपावर टाकी भरून बघावी; चार लिटर बसलं तर पावती लगेच पाठवावी. परत करताना पंप जवळचाच निवडावा आणि पावती जपावी. टाकी कमी निघाली तर कंपनी आपल्या दराने पेट्रोल लावते आणि वर भरण्याची मजुरीही.

युरोपात गाडी बुक करणाऱ्यांना ‘फुल-टू-एम्प्टी’ असाही प्रकार दिसेल. नावात ‘फुल’ असलं तरी हा वेगळाच मामला. अख्ख्या टाकीचे पैसे आधीच द्यायचे, आणि उरलेल्या पेट्रोलचा परतावा बहुधा नाही. तीन दिवस शहरातच फिरणार असाल, तर अर्धी टाकी त्यांनाच भेट.